रखमाबाईंचा नकार आणि संमतिवयाचा कायदा

१८८४ ते १८९१ या सात वर्षांत हिंदुस्थानातील विवाहित मुलींच्या हक्काचा प्रश्न न्यायालये, वृत्तपत्रे आणि कायदेमंडळ या तिन्ही ठिकाणी गाजत राहिला. मुंबईतील रखमाबाईंचा खटला, कलकत्त्यातील फुलमणी दासी हिच्या मृत्यूचा खटला आणि त्यापाठोपाठ मंजूर झालेला संमतिवयाचा कायदा ही या काळातील तीन ठळक प्रकरणे होत. महाराष्ट्रात या कालखंडाची ओळख बहुधा टिळक-आगरकर वादाच्या, म्हणजे आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक सुधारणा या प्रश्नाच्या अंगाने करून दिली जाते आणि त्यामुळे ज्या मुलींवरून हा वाद पेटला त्या मुली मात्र वादाच्या कडेला पडतात. ही तिन्ही प्रकरणे एकत्र वाचली म्हणजे असे दिसते की रूढीने बळजबरीला हक्काचे रूप दिले होते, न्यायालयांनी त्या हक्काला कायद्याचे बळ पुरवले होते, आणि कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हाही नवऱ्याचा हक्क कोणत्या वयापासून सुरू होतो एवढेच बदलले. पत्नीच्या इच्छेला तीत स्थान मिळाले नाही.

त्या काळच्या उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत मुलीचे लग्न न्हाण येण्यापूर्वी लावून देणे हे बापाचे धार्मिक कर्तव्य मानले जाई. लग्नानंतर मुलगी काही काळ माहेरी राही. तिला पहिले न्हाण आले की मखरात बसवणे, ओटी भरणे, जेवणावळी घालणे असा सोहळा होई आणि त्यानंतर ऋतुशांती किंवा फलशोभन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या विधीत गर्भाधानसंस्कार होऊन तिला नवऱ्याच्या स्वाधीन केले जाई. बंगालमध्ये सोळाव्या शतकातील स्मृतिकार रघुनंदन भट्टाचार्य यांच्या मताला मोठा मान होता आणि त्याच्या आधारे पहिल्या ऋतूतच गर्भाधान झाले पाहिजे, ते चुकल्यास पाप लागते, अशी समजूत तेथे दृढ झाली होती. प्रत्यक्षात अनेक घरांत न्हाण येण्याचीही वाट पाहिली जात नसे. मुलीच्या शरीरावर होणाऱ्या या आघाताभोवती सणाचे आणि संस्काराचे असे कडे असल्यामुळे त्यात काही अन्याय आहे, अशी शंका घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनाही क्वचितच येई, कारण त्याही त्याच वाटेने सासरी आलेल्या असत.

ही रूढी सर्व जातींत सारखी नव्हती. शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा पाट लागत असे, जातपंचायतीसमोर काडीमोड होऊ शकत असे आणि न पटणारा संसार मोडण्याची सोय, मर्यादित का होईना, उपलब्ध होती. परंतु इंग्रजी न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून जे काही स्वीकारले ते मुख्यतः संस्कृत धर्मशास्त्रग्रंथांवर आधारलेले होते. त्यामुळे ब्राह्मणी आचार हा सर्वांसाठीच कायद्याचा मापदंड होऊ लागला आणि पंचायतीतील लवचीक वहिवाट न्यायालयाच्या दारात निष्प्रभ ठरू लागली.

याच न्यायालयांनी आपल्याबरोबर इंग्लंडची एक जुनी धारणाही आणली होती. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचा फौजदारी कायद्यावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विवाहाबरोबरच पत्नीने आपला देह नवऱ्याला कायमचा देऊन टाकलेला असतो, सबब नवरा आपल्या पत्नीवर बलात्कार केल्याबद्दल दोषी ठरू शकत नाही, हे त्यातील मत पुढे अडीचशे वर्षे प्रमाण मानले गेले. मॅकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यात हीच भूमिका बिनशर्त स्वीकारली होती. १८६० मध्ये मंजूर होऊन १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७५ मध्ये तिला एकच मर्यादा घालण्यात आली: पत्नी दहा वर्षांपेक्षा लहान असेल तर तो बलात्कार ठरेल, अन्यथा नाही. दहा वर्षे पूर्ण झालेल्या विवाहित मुलीला आपल्या नवऱ्यापुरते या कलमाचे कोणतेही संरक्षण उरले नाही.

या स्थितीला सार्वजनिक चर्चेत आणण्याचे श्रेय बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराला जाते. मुंबईच्या ‘इंडियन स्पेक्टेटर’ या पत्राचे संपादक असलेल्या मलबारींनी ऑगस्ट १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या दोन विषयांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे व देशातील प्रमुख व्यक्तींकडे ती मतासाठी पाठवली. महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी मलबारींची बाजू घेतली, जोतीराव फुले यांनीही लेखी मत देऊन सरकारने या बाबतीत हात घालावा असे सुचवले, तर अनेकांनी परधर्मीय गृहस्थाने हिंदूंच्या घरात डोकावण्याचे कारण काय, असा सवाल केला. त्या वेळी सरकारने कायदा करण्याचे नाकारले. मात्र मलबारींच्या टिपणांवर चर्चा चालू असतानाच, त्यांत वर्णन केलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न जिवंत फिर्यादीच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला.

रखमाबाईंचा जन्म १८६४ मध्ये मुंबईत सुतार जातीच्या सुस्थित कुटुंबात झाला. त्यांच्या आई जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या होत्या आणि जातीच्या रिवाजानुसार त्यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांमध्ये त्यांचा समावेश होता. रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न दादाजी भिकाजी या सुमारे एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. लग्नानंतर दादाजींनी शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे अशी अपेक्षा होती, पण ते शिकले नाहीत, त्यांची प्रकृती ढासळली आणि ते आपल्या मामाच्या घरी राहू लागले. रखमाबाई माहेरीच राहिल्या, सावत्र वडिलांच्या ग्रंथांच्या आणि घरी येणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या सहवासात त्यांनी स्वतःला घडवले, आणि लग्नाला जवळजवळ नऊ वर्षे लोटल्यावरही दोघांचा संसार सुरू झालेला नव्हता.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला नांदायला पाठवण्याची मागणी केली आणि ती नाकारली जाताच वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. हा दावा म्हणजे विनाकारण वेगळ्या राहणाऱ्या जोडीदाराला परत एकत्र राहण्यास न्यायालयाने भाग पाडावे, अशी मागणी होय. दादाजी आपले भरणपोषण करू शकत नाहीत, ते आजारी आहेत आणि ज्या मामाच्या आश्रयाने ते राहतात त्याचे वर्तन चांगले नाही, ही कारणे रखमाबाईंनी न्यायालयापुढे मांडली. परंतु या कारणांच्या मुळाशी असलेली त्यांची भूमिका अधिक मूलगामी होती: ज्या वयात आपल्याला काही कळत नव्हते त्या वयात लावलेले लग्न आपण स्वीकारलेले नाही आणि म्हणून त्या नात्यात आपला देह देण्यास आपण बांधील नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. जो सहवास कधी सुरूच झाला नाही त्याची पुनःस्थापना कशी करायची, असा त्यांचा कायदेशीर मुद्दा होता. आणि नापसंत असलेल्या पुरुषाकडे एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध शरीरसंबंधासाठी पाठवणे हे रानटी व क्रूर कृत्य होईल, असे मतही त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवले. अशा प्रकारच्या दाव्याला हिंदू कायद्यात कोणताही आधार नाही, तो इंग्लंडमधून येथे आणला गेला आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा होता. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा हा मूळचा इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतील उपाय होता. हिंदुस्थानात तो रुजवण्याला १८६७ मधील प्रिव्ही कौन्सिलच्या एका निकालाने बळ मिळाले आणि तो निकालही एका मुसलमान दांपत्याच्या दाव्यातील होता. धर्मशास्त्रांनी पत्नीला पतीच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केला असला, तरी ती न गेल्यास राजाने तिला तुरुंगात टाकावे अशी तरतूद त्यांत नव्हती. इंग्लंडमध्ये तर १८८४ मध्येच हा हुकूम मोडणाऱ्याला कैद करण्याची तरतूद रद्द झाली होती. हिंदुस्थानच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र कैद कायम होती. अशा रीतीने इंग्लंडने स्वतःच्या घरातून काढून टाकलेली एक शिक्षा हिंदुस्थानात हिंदू धर्माच्या रक्षणाचे साधन म्हणून वापरली जाऊ लागली, आणि परक्या सरकारने आपल्या रूढींत ढवळाढवळ करू नये असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना या परक्या उपायाबद्दल मात्र तक्रार वाटली नाही.

पिन्हे यांच्या निकालावर अपील झाले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो फिरवला आणि दावा पुन्हा सुनावणीस पाठवला. त्यानंतर ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जाण्याचा हुकूम दिला. हुकूम न पाळल्यास सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद होती. या हुकुमाचा अर्थ उघड होता. ज्या स्त्रीने कोणताही गुन्हा केलेला नव्हता, तिने एका पुरुषाशी शरीरसंबंध ठेवण्यास नकार दिला एवढ्याच कारणाने तिला तुरुंगाची वाट दाखवण्यात आली होती. रखमाबाईंनी आपण तुरुंगात जाऊ, पण हा हुकूम पाळणार नाही, असे जाहीर केले.

दरम्यान सखाराम अर्जुन यांचे एप्रिल १८८५ मध्ये निधन झाले होते, त्यामुळे घरातील सर्वांत भक्कम आधार खटल्याचा पहिला निकाल लागण्याआधीच नाहीसा झाला. तरीही रखमाबाई गप्प बसल्या नाहीत. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाहावर आणि वैधव्यावर प्रसिद्ध झालेली पत्रे त्यांचीच होती. बालविवाहामुळे मुलांचे थोडे नुकसान होत असले तरी मुलींचे शिक्षण, वाचन आणि मनाची वाढ जवळजवळ पूर्णपणे खुंटते, हा त्या पत्रांतील मध्यवर्ती मुद्दा होता. स्वतःच्या लग्नाचे दुःख सांगून सहानुभूती मिळवण्यापेक्षा रूढीची यंत्रणा कशी चालते, हे समजावून देण्याकडे त्यांचा कल होता.

विरोधकांनी उत्तर दिले ते या युक्तिवादाला नव्हे, तर रखमाबाईंच्या शिक्षणाला. मुलगी शिकली की ती नवऱ्याला जुमानत नाही, हे या खटल्याने सिद्ध झाले असे सांगितले जाऊ लागले. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, नुकतेच सुरू झाले होते आणि तेथे मुलींना काय शिकवावे याविषयी वाद चालू होताच. त्या वादात रखमाबाईंचे नाव इशाऱ्यासारखे वापरले गेले. बाळ गंगाधर टिळक यांनी रखमाबाईंच्या वर्तनावर आणि त्यांच्या पाठीराख्यांवर कठोर टीका केली. दुसरीकडे मलबारी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ यांच्यासारख्यांनी त्यांच्या बचावासाठी पुढाकार घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची दखल घेतल्यामुळे तो समुद्रापारही पोहोचला.

सरकार मोठ्या पेचात सापडले होते. रखमाबाईंना तुरुंगात टाकले तर इंग्लंडमध्ये गहजब उडाला असता, न टाकले तर न्यायालयाचा हुकूम पोकळ ठरला असता. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, १८९५ च्या सुमारास डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णालये सांभाळली. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. एका स्त्रीची सुटका झाली, ती मात्र पैसे मोजून झाली. त्यांच्यासारखा नकार देण्याचा कोणताही हक्क इतर स्त्रियांच्या पदरात पडला नाही.

रखमाबाईंना नकार देता आला, कारण त्या माहेरी होत्या, वयाने मोठ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी आई होती. ज्या मुलीला यांपैकी काहीही लाभले नाही तिचे काय होते, हे १८९० मध्ये कलकत्त्यात उघड झाले. फुलमणी दासी ही दहा वर्षे पूर्ण झालेली, परंतु अद्याप न्हाण न आलेली मुलगी होती आणि तिचा नवरा हरिमोहन मैती हा तिशी ओलांडलेला पुरुष होता. रात्री घरातील स्त्रियांना तिची किंकाळी ऐकू आली. आईने जाऊन पाहिले तेव्हा अंथरूण आणि तिच्या अंगावरचे वस्त्र रक्ताने भिजलेले होते. रक्तस्राव थांबला नाही आणि दुसऱ्या दिवशी ती मरण पावली. आई आणि घरातील इतर स्त्रियांनी न्यायालयात साक्ष दिली, तर डॉक्टरांनी मृत्यूचे कारण शरीरसंबंधातून झालेली इजा हेच असल्याचे सांगितले.

न्यायमूर्ती विल्सन आणि ज्यूरी यांच्यासमोर चाललेल्या या खटल्यात बलात्काराचा आरोप ठेवताच आला नाही, कारण मुलीने दहा वर्षांची मर्यादा ओलांडली होती. पत्नीच्या सुरक्षिततेचा विचार न करता तिचा उपभोग घेण्याचा निरंकुश हक्क नवऱ्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही, असे विल्सन यांनी ज्यूरीला बजावले हे खरे. पण त्या हक्काला मर्यादा घालणारे जे शस्त्र त्यांच्या हाती होते, ते इजेविषयीच्या कलमांचे होते. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून हरिमोहन सुटला आणि अविचाराने किंवा बेपर्वाईने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मुलीचा मृत्यू ओढवणाऱ्या या कृत्याची कायद्याच्या दृष्टीने वर्गवारी अशी झाली की जणू एखाद्याने बेपर्वाईने गाडी हाकून वाटसरूला जखमी केले असावे.

मलबारी तेव्हा इंग्लंडमध्ये जनमत तयार करत होते आणि फुलमणीच्या मृत्यूने त्यांच्या मागणीला धार आली. हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी लखनौच्या डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने सरकारकडे अर्ज पाठवला आणि त्यात स्वतः तपासलेल्या मुलींची उदाहरणे दिली: बारा वर्षांखालील या मुलींपैकी कोणी मरण पावल्या होत्या, कोणी कायमच्या पंगू झाल्या होत्या. त्यामुळे एक गोष्ट निर्विवाद झाली. फुलमणी हा अपवाद नव्हता. न्यायालयापर्यंत पोहोचलेले प्रकरण तेवढे अपवादात्मक होते.

९ जानेवारी १८९१ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे विधिसदस्य सर अँड्र्यू स्कोबल यांनी दंडसंहितेतील दहा वर्षांची मर्यादा बारावर नेणारे विधेयक मांडले. बदल दोन वर्षांचा होता, पण त्यावर उठलेले वादळ त्या काळातील सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक ठरले. बंगालमध्ये ‘बंगबासी’ या पत्राने विधेयकाविरुद्ध मोहीम उघडली आणि कलकत्त्याच्या मैदानात प्रचंड निषेधसभा भरली. ‘बंगबासी’च्या लिखाणावर सरकारने १८९१ मध्ये राजद्रोहाचा खटला भरला, वृत्तपत्रांविरुद्धच्या राजद्रोहाच्या खटल्यांच्या दीर्घ मालिकेतील तो सुरुवातीचा खटला होय. कायदेमंडळात सर रमेशचंद्र मित्र यांनी विधेयकाला विरोध केला. पहिल्या ऋतूनंतरच्या गर्भाधानाला विलंब लावणे हे धर्मकर्तव्यात अडथळा आणणे आहे आणि राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातील, प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याच्या वचनाचा तो भंग आहे, असे विरोधकांचे मुख्य म्हणणे होते.

महाराष्ट्रात हा वाद ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या स्तंभांतून लढला गेला. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे गोपाळ गणेश आगरकर यांनी विधेयकाचा हिरिरीने पुरस्कार केला; बालिकेच्या शरीराचे रक्षण हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे आणि ते बजावणारा राज्यकर्ता स्वदेशी आहे की परदेशी हा प्रश्न गौण आहे, अशी त्यांची भूमिका होती. टिळकांचा विरोध बालविवाह चांगला आहे या समजुतीतून आलेला नव्हता. मुलींचे लग्न सोळाव्या आणि मुलांचे विसाव्या वर्षाआधी करू नये, असे निर्बंध सुधारकांनी आधी स्वतःवर लादून घ्यावेत, असा प्रस्ताव त्यांनीच १८९० मध्ये मांडला होता. परक्या सरकारला घरात बोलावू नये, सुधारणा समाजाने आतून करावी, हा त्यांचा आग्रह होता आणि पारतंत्र्याच्या काळात त्याला वजनही होते. मात्र समाज आतून बदलेपर्यंत ज्या मुलींवर दररोज ही वेळ येत होती त्यांनी काय करावे, याचे उत्तर त्या आग्रहात नव्हते.

पुण्यातील सुधारकांची सभा चिखल आणि दगड फेकून उधळण्यापर्यंत वाद चिघळला. त्याच वेळी विद्वानांचा वाद ग्रंथांच्या पातळीवर चालू होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्रातील वचने तपासून गर्भाधान लांबणीवर टाकण्याने धर्मभंग होत नाही, असे प्रतिपादन केले, टिळकांनी त्यांच्या अन्वयार्थाला आव्हान दिले, तेलंगांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि सोळा वर्षांखालील मुलीच्या गर्भधारणेविषयी सुश्रुतसंहितेने दिलेला धोक्याचा इशारा सुधारकांनी पुढे केला. या सर्व चर्चेत एक गोष्ट दोन्ही पक्षांना समान होती. वचनांचा अर्थ, ऋतूचे दिवस, हिंदुस्थानच्या हवामानात मुली केव्हा वयात येतात, अशक्त मातांची संतती कशी निपजते, या प्रश्नांवर पानेच्या पाने खर्ची पडली. विवाहित मुलीला, मग ती बारा वर्षांची असो की वीस, नको म्हणता येईल काय, हा रखमाबाईंनी उभा केलेला प्रश्न मात्र विधेयकाच्या समर्थकांनीही बाजूलाच ठेवला. शक्य तितका कमी विरोध व्हावा म्हणून वय आणि शारीरिक इजा यांपुरतीच मागणी सीमित करणे त्यांना व्यवहार्य वाटले असावे. त्याची किंमत अशी पडली की नवऱ्याचा हक्क गृहीत धरूनच सुधारणेचे गणित मांडले गेले.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या कारकिर्दीत त्या वर्षीचा दहावा कायदा म्हणून अमलात आले. त्याचबरोबर त्याच्या अंमलबजावणीला लगाम घालणाऱ्या तरतुदीही आल्या. आरोपी नवरा असेल तर केवळ जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा इलाख्याच्या राजधानीतील मुख्य मॅजिस्ट्रेट यांनाच प्रकरणाची दखल घेता येणार होती, आणि तपास करायचा झाल्यास तो इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या दर्जाच्या पोलिसाकडे देता येणार नव्हता. घराण्याच्या अब्रूला पोलिसांचा उपद्रव होऊ नये, हा त्यामागील उद्देश होता. परंतु गावातील दहा-अकरा वर्षांच्या मुलीने, जिचे आईवडील आणि सासूसासरे दोघेही त्या लग्नाचे कर्ते होते, जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटपर्यंत कोणाच्या हाताने फिर्याद पोहोचवायची, याचा विचार कोणीही केला नव्हता. अपेक्षेप्रमाणे फिर्यादी फारच थोड्या झाल्या. ज्यांनी साक्ष द्यायची तेच मुलीला नवऱ्याच्या खोलीपर्यंत पोहोचवणारे होते.

पुढील दुरुस्त्यांतही हेच सूत्र राहिले. १९२५ मध्ये विवाहाबाहेर संमतीचे वय चौदा आणि विवाहात तेरा करण्यात आले. म्हणजे एकाच वयाच्या दोन मुलींपैकी विवाहित मुलीला कमी संरक्षण, हे तत्त्व आता आकड्यांत नोंदले गेले. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेपासून स्त्रियांच्या संघटनांनी वयवाढीची मागणी स्वतः मांडण्यास सुरुवात केली. १९२८ मध्ये मोरोपंत विश्वनाथ जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि संमतिवयाचा कायदा बहुसंख्य लोकांना ठाऊकच नाही, असा निष्कर्ष काढला. त्या समितीने विवाहातील मर्यादा पंधरापर्यंत वाढवण्याची शिफारस केली, पण नवऱ्याच्या अपराधाला बलात्कार न म्हणता वैवाहिक गैरवर्तन म्हणावे आणि त्याची वेगळी नोंद करावी, असेही सुचवले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. लग्नाच्या वयाला हात घातला जाऊ लागला, तरी लग्नानंतरच्या हक्काला लागलेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये विवाहातील मर्यादा पंधरा झाली आणि ती २०१७ पर्यंत, म्हणजे अडुसष्ट वर्षे, तशीच राहिली. मधल्या काळात मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा झाले होते, २०१३ मध्ये विवाहाबाहेरील संमतीचे वयही अठरा झाले होते. तरी पंधरा ते अठरा वर्षांच्या विवाहित मुलीला नवऱ्यापासून संरक्षण नव्हते. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडिपेंडंट थॉट विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ही विसंगती दूर केली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये विवाहातील मर्यादा अठरा अशी लिहिली गेली. अठरा वर्षांवरील पत्नीबाबतचा अपवाद मात्र तेथेही कायम आहे. लैंगिक अत्याचारांविषयीच्या कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये तो काढून टाकण्याची शिफारस केली होती आणि ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्याच्या घटनात्मकतेवर परस्परविरोधी निकाल दिले. ज्या इंग्लंडमधून हा अपवाद आला होता तेथे तो १९९१ मध्ये, म्हणजे संमतिवयाच्या कायद्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, सर्वोच्च पातळीवरील न्यायालयीन निकालाने संपुष्टात आला.

रखमाबाईंवर लावलेल्या दाव्याचे आयुष्यही असेच दीर्घ ठरले. तो हुकूम मोडणाऱ्याला कैद करण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली, परंतु दावा स्वतः १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये दाखल झाला. रखमाबाईंचे निधन त्याच वर्षी झाले. इंग्लंडने तो १९७० मध्ये मोडीत काढला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम स्त्रीच्या खासगीपणावर आणि स्वातंत्र्यावर घाला घालणारे म्हणून घटनाबाह्य ठरवले होते, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विवाहसंस्था टिकवणे हा त्याचा उद्देश असल्याचे सांगून ते वैध मानले.

१८८७ चा फॅरन यांचा हुकूम आणि १८९० चा कलकत्त्याचा निकाल हे वरकरणी निराळे दिसतात, कारण एकात सज्ञान स्त्री नकार देते आणि दुसऱ्यात अजाण मुलगी जिवाला मुकते. परंतु दोन्हींचा पाया एकच होता: लग्न लागले की पत्नीचे शरीर नवऱ्याच्या हक्काचा विषय होते आणि वाद असलाच तर तो त्या हक्काच्या वेळेविषयी व प्रमाणाविषयी असू शकतो. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत वेळेची मर्यादा दहापासून अठरापर्यंत सरकली, लाखो मुलींना तिचे संरक्षण मिळाले आणि हा बदल क्षुल्लक म्हणता येणार नाही. तरीही मर्यादा सरकवणे हीच सुधारणा मानल्यामुळे, ती ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीसाठी १८६० च्या कायद्यातला अपवाद अजून चालू आहे. आणि वय काहीही असो, आपण नको म्हटले तर ते मानले जाईल काय, या रखमाबाईंच्या प्रश्नाला भारतीय कायद्याने अद्याप होकार दिलेला नाही.